महाविष्णू ऑर्केस्ट्राचा पहिला अल्बम: 'डान्स ऑफ माया'मध्ये सम कुठे आहे?

सातमात्रा:

मंडळी, महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडच्या 'द इनर माउंटिंग फ्लेम' (1971) या पहिल्या अल्बमबद्दल चार प्रश्न आहेत. चारही उत्तरं एकानेच द्यायला हवीत असं नाही, ज्याला जे ठाऊक त्याने ते सांगावं.

पहिला प्रश्न 'द डान्स ऑफ माया'चा. सुरुवातीला गिटारचे सुटे सूर येतात, त्यांना दहा मोजले की बरोबर बसतात. मध्ये ब्लूज सुरू झाला की दहाचा हिशोब लागत नाही, चाराचाही नाही. तीन-तीन मोजलं तर बराच वेळ सुखाने चालतं, आणि मग अचानक पाय एक मात्रा मागे पडतो. असं का होतं?

दुसरा: बँडचं नाव महाविष्णू, त्यामुळे प्रत्येक लेखात 'भारतीय संगीताचा प्रभाव' हे वाक्य ठरलेलं. पण यात तबला नाही, सतार नाही, तंबोरा नाही. मग भारतीय नेमकं काय आहे?

तिसरा: 'द नूनवर्ड रेस'च्या सोलोंमध्ये एक खरखरीत, फुटक्या घंटेसारखा आवाज येतो. तो मूग सिंथेसायझर आहे का?

चौथा गिटारवाल्यांसाठी. 'मीटिंग ऑफ द स्पिरिट्स'च्या सुरुवातीचे कॉर्ड डिस्टॉर्शन लावून वाजवले की नुसता चिखल होतो. रेकॉर्डवर तेच कॉर्ड लख्ख ऐकू येतात. गेन (सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) किती ठेवायचा?

लेहरा:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. तुम्ही बहुतेक ड्रम ऐकून मोजताय आणि घोळ तिथेच आहे. बिली कोबम या अल्बमवर ठेका धरायला बसलेलाच नाही. तो जे वाजवतो ते तबल्याच्या स्वतंत्र वादनाच्या जवळचं आहे, आणि लेहरा (आवर्तन दाखवत फिरणारी ठरलेली सुरावट) धरलाय रिक लेअर्डच्या बेसने, काही जागी गिटारच्या सुट्या सुरांनी. तबल्याच्या मैफलीत सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हरवली की आपण हार्मोनियमकडे कान देतो, तबल्याकडे देत नाही. इथेही तेच करायचं. लेअर्डला लोक या बँडमधला 'गप्प माणूस' समजतात. लंडनच्या रॉनी स्कॉट्स या जॅझ क्लबचा नेहमीचा बेसिस्ट आणि ड्रमर बडी रिचच्या बँडमधून आलेला हा माणूस तीच ओळ न ढळता वाजवत राहतो, म्हणून वरचे चौघे मोकाट सुटू शकतात.

आता 'माया'. सुरुवात 10 ची आहे, तुमचं बरोबर. मधला ब्लूज 20 चा आहे. ब्लूजच्या शफल ठेक्याची चाल मुळात तिनाची असते, लांब-आखूड, लांब-आखूड, म्हणून तिनाने मोजलं की जमल्यासारखं वाटतं. सात गट पुरे असते तर 21 मात्रा झाल्या असत्या आणि कुणाला काही खटकलं नसतं. इथे सहा गट तिनाचे आणि एक दोनाचा, म्हणजे 18 अधिक 2. आवर्तनाच्या, म्हणजे मात्रांच्या एका फेरीच्या, शेवटाकडे एक मात्रा कापलेली आहे. तुम्ही तो कापलेला गटही तीनच मोजता, म्हणून पाय मागे राहतो. चूक दर फेरीत एका मात्रेची होते, आणि तीन फेऱ्या झाल्या की तुमची टाळी परत कुठल्यातरी गटाच्या सुरुवातीवर पडते. मग वाटतं, जमलं. जमलेलं नसतं, तुम्ही एक अख्खा गट मागे असता.

बसवायची रीत अशी. पट्टी न बदलता वेग कमी करणारा कुठलाही प्लेअर घ्या आणि वेग 60 टक्क्यांवर आणा. 50 च्या खाली जाऊ नका, ड्रमच्या थापेची धार विरते आणि मात्रा नेमकी कुठे पडली तेच कळेनासं होतं. तोंडाने तिनासाठी 'तकिट', दोनासाठी 'तक' बोला. टाळी फक्त गटाच्या पहिल्या अक्षरावर, म्हणजे आवर्तनात सात टाळ्या. आधी 'तक' अगदी शेवटी ठेवून बोलून बघा, मग तो एक गट अलीकडे आणून बघा. बेसच्या ओळीशी जे न अडखळता जुळेल ते पक्कं करा. सलग आठ आवर्तनं टाळी चुकली नाही की वेग 5-5 टक्क्यांनी वाढवा. सगळ्यांची एक चूक ठरलेली असते: वेग वाढला की 'तक' ओढला जाऊन 'तकिट' होतो. तसं झालं की टाळी सोडून द्या, फक्त तोंडाने बोला. हात आळशी असतो, जीभ त्या मानाने प्रामाणिक.

बाकीचे ट्रॅक पटकन सांगतो. 'डॉन' 7 चा. पण रूपक ताल समजून मोजू नका. रूपकात पहिल्या मात्रेवर 'खाली' (टाळी न देता दाखवायची जागा) असते आणि विभाग 3-2-2 असे पडतात. तो साचा डोक्यात धरून ऐकलंत तर जोर नको तिथे शोधाल. नुसते सात सरळ मोजा. पुढे लय दुप्पट होते तिथेही मूळचे संथ सातच धरून ठेवा. 'व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन' 9 चा, आणि इथे 3-3-3 मोजणारा हमखास बुडतो. चाल फंकची आहे, दोन-दोनाने जा आणि शेवटी तीन घ्या. नऊ हा विषम आकडा असल्याने दोन-दोनाने डोलणारी मान एका फेरीत समेवर खाली जाते, पुढच्या फेरीत वर. पहिले काही सेकंद कोबम एकटाच असतो, तेवढा तुकडा फिरवून फिरवून ऐका, बँड आत आल्यावर मोजणी जड जाणार नाही. 'मीटिंग ऑफ द स्पिरिट्स' सहाच्या पटीत चालतो, आणि 'नूनवर्ड रेस' मोजायच्या दृष्टीने सगळ्यात सोपा.

'यू नो यू नो' वेगळा काढून ऐका. इथे सगळा बँडच लेहरा झालाय. एकच लहानशी आकृती सतत फिरते, मधल्या रिकाम्या जागांत कोबम येऊन भरतो आणि निघून जातो. स्वतंत्र वादन म्हणजे काय हे ड्रमवर समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी. ही आकृती पुढे मॅसिव्ह अटॅक या बँडने 1991 साली 'वन लव्ह'मध्ये उचलली, त्यामुळे कुणीतरी 'हे कुठेतरी ऐकलंय' म्हणणार हे नक्की.

रिंगवाला:

तिसरा आणि चौथा प्रश्न खरं तर एकच आहे. कसं ते सांगतो.

तो आवाज मूगचा नाही. मिनीमूग या बँडमध्ये नंतर आला, 1973 च्या 'बर्ड्स ऑफ फायर'वर. पहिल्या अल्बमवर यान हॅमर फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो वाजवतोय आणि तो रिंग मॉड्युलेटरमधून काढलाय. रिंग मॉड्युलेटर दोन आवाजांचा गुणाकार करतो. त्यातून मूळ आवाज बाहेर पडत नाहीत, त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी बाहेर पडते. पियानोवर 440 हर्ट्झचा सूर दाबला आणि आतला ऑसिलेटर 300 वर असेल तर कानावर 740 आणि 140 येतात. त्याच सुराचं वरचं सप्तक, म्हणजे 880 दाबलं तर 1180 आणि 580. खाली दिलं दुप्पट, बाहेर मात्र 740 चे 1180 झाले, म्हणजे जेमतेम दीडपटीच्या वर. सप्तकाचं नातंच मोडलं. घंटेच्या आवाजातही घटक-सूर असेच सरळ पटीत नसतात, म्हणून तुम्हाला घंटा आठवली.

करून बघायचं तर साधा इलेक्ट्रिक पियानोचा आवाज घ्या, ऑसिलेटर 200 ते 600 हर्ट्झच्या दरम्यान ठेवा आणि मूळ आवाज साधारण निम्मा मिसळा. पूर्ण रिंग ठेवली तर कुठला सूर वाजतोय ते कळत नाही, सगळं रोबोटच्या सिनेमासारखं होतं. ऑसिलेटर 20 हर्ट्झच्या खाली गेला तर फक्त थरथर ऐकू येते. लांब सूर टाळा, तुटक वाजवा. लांब सुरात तो बेसूरपणा बोचायला लागतो, तुटक वाजवलं की तो तालवाद्यासारखा काम करतो.

आता तुमचा चिखल. डिस्टॉर्शन म्हणजे ॲम्प मान टाकतो आणि तरंगाचा माथा कापला जातो. दोन सूर एकत्र कापले गेले की तिथेही बेरीज-वजाबाकीचे जास्तीचे सूर तयार होतात. षड्ज-पंचम असेल तर हे जास्तीचे सूर त्याच घराण्यातले निघतात, म्हणून रॉकमधला दोन सुरांचा कॉर्ड भरपूर गेनवरही छान वाजतो. 'मीटिंग'च्या सुरुवातीचे कॉर्ड विसंवादी आहेत, शेजारचे सूर एकमेकांना घासतात. तिथे जास्तीचे सूर भलत्याच जागी पडतात आणि चिखल होतो. गिटारमध्ये दोष नाही, गणितच तसं आहे.

उपाय: गेन मेटलच्या निम्म्याहून कमी, आवाज मोठा. बँडच्या गिटारवाल्या मॅकलॉफ्लिनचा तो आवाज मोठा मार्शल ॲम्प जोरात वाजवल्याचा आहे, पेडल रगडल्याचा नाही. घरी तेवढा आवाज परवडत नसेल तर पेडलचा गेन इतकाच ठेवा की हलकं वाजवलं तर सूर स्वच्छ यावा आणि जोरात मारलं तरच फाटावा. गिटारचा व्हॉल्यूम 10 वरून 6-7 वर आणला की कॉर्डसाठी पुरतं, सोलोला परत वर. खर्जाचा भाग (लो) 100-150 हर्ट्झच्या आसपास थोडा कापा. जिथे सुटे सूर आहेत तिथे एक तार वाजताना आधीची शक्यतो थांबवा. आणि प्रत्येक सूर पिकने स्वतंत्र मारा, खाली-वर, खाली-वर. हॅमर-ऑनने (पिक न मारता नुसतं बोट तारेवर आपटून) वेग मिळतो पण ती मशीनगनसारखी धार येत नाही, आणि या अल्बमची अर्धी ओळख त्या धारेत आहे.

बारातारा:

वरच्यात एक भर. मॅकलॉफ्लिनचं नाव निघालं की दोन माना असलेल्या गिटारचे फोटो आठवतात. ती गिब्सन ईडीएस-1275. वर बारा तारांची मान, खाली सहाची. मंचावर सुटे सूर वरच्या मानेवर आणि सोलो खालच्या मानेवर असा त्याचा हिशोब असे. हा आवाज हवा म्हणून कोरस पेडल लावणारे खूप असतात. कोरस लावायचाच तर त्याची खोली (डेप्थ) अगदी कमी ठेवा. कोरसमध्ये सूर सतत वर-खाली हलतो, बारा तारांमध्ये जोडीतला फरक स्थिर असतो आणि खालच्या चार जोड्यांत एक तार वरच्या सप्तकाची असते. ती वरच्या सप्तकाची चमक कोरस देत नाही. वरचं सप्तक 15-20 टक्के मिसळणारं पेडल जास्त जवळ जातं.

जेरी गुडमनच्या व्हायोलिनबरोबर एकसुरात वाजवायचं असेल तर दोघांनीही आंदोलन (सुराची थरथर) बंद ठेवायचं. गिटार 440 आणि व्हायोलिन 442 असेल तर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात, तेवढं चालतं, उलट आवाज भरीव होतो. फरक 6-7 वर गेला की बेसूर. व्हायोलिनला पडदे नाहीत, तो सरकू शकतो, गिटार नाही. म्हणजे जुळवून घेणं व्हायोलिनवाल्याच्या माथी.

जुनीतान:

भारतीयपणाबद्दल. माझ्या मते लेखवाले नावाला भुलतात. जॉन मॅकलॉफ्लिन 1970 मध्ये श्री चिन्मय यांचा शिष्य झाला, 'महाविष्णू' हे नाव त्यांनी दिलेलं. पण या अल्बमवर राग शोधू नका. रागात आधार-षड्ज हलत नाही, इथे कॉर्ड बदलतात आणि आधारही हलतो. विसंवादी कॉर्ड हे जॅझचं घराणं, आवाजाचा दणका रॉकचा.

तबला-तंबोरा हवा असेल तर एक पाऊल मागे जा. 1971 च्याच 'माय गोल्स बियाँड' या मॅकलॉफ्लिनच्या अल्बमवर बादल रॉय यांचा तबला आहे, तंबोरा आहे, आणि कोबम-गुडमनही आहेत. तो ध्वनी अकूस्टिक आहे. पुढे मॅकलॉफ्लिनच्या 'शक्ती' या बँडमध्ये झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर खरी देवाणघेवाण झाली. शक्तीचा पहिला अल्बम 1976 चा. काही जण हा क्रम उलटा लावतात आणि महाविष्णू हे शक्तीनंतरचं समजतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

विषम मात्रांचं श्रेयही सरसकट भारताला देऊ नये. 1959 मध्ये जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या 'टाइम आउट' या अल्बमवर पाच आणि नऊ मात्रा येऊन गेल्या. जॅझ ट्रम्पेटवादक डॉन एलिस भारतीय संगीतकार हरिहर राव यांच्याकडे शिकला आणि 1966 मध्ये मॉन्टेरेच्या जॅझ महोत्सवात 19 मात्रांची रचना वाजवून बसला, जिचं नावच 3-3-2-2-2-1-2-2-2 अशा गटांवर ठेवलं होतं. ते मात्र थेट आपल्याकडून गेलेलं. स्वतः मॅकलॉफ्लिनच्या 1969 च्या 'एक्स्ट्रापोलेशन'वर विषम मात्रा आहेतच.

भारतीय काय असेल तर ते लेहरांनी वर सांगितलं तेच: आवर्तन पक्कं, आणि त्याच्या आत हवं तेवढं धाडस. शिवाय सवाल-जवाब. गिटार, व्हायोलिन आणि की-बोर्ड आळीपाळीने लहान लहान तुकडे वाजवतात, तुकडे आखूड होत जातात. जॅझमध्येही चार-चार मात्रांची अदलाबदल आहे, पण इथली घाई जुगलबंदीच्या शेवटासारखी आहे.

माणसंही कुठकुठून आली बघा: मॅकलॉफ्लिन यॉर्कशायरचा, कोबमचा जन्म पनामाचा, हॅमर प्रागचा, लेअर्ड डब्लिनचा, गुडमन शिकागोच्या 'द फ्लॉक'मधून. व्हायोलिनला मॅकलॉफ्लिनच्या मनात आधी जाँ-ल्यूक पाँटी होता, अमेरिकेत राहण्याच्या परवान्यावरून ते अडलं. पाँटी शेवटी 1974 मध्ये बँडच्या दुसऱ्या संचात आला. बँडचे पहिले कार्यक्रम जुलै 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये झाले, ऑगस्टमध्ये रेकॉर्डिंग, नोव्हेंबरमध्ये अल्बम बाहेर. इतक्या थोड्या दिवसांत एकसुराची ही सफाई कशी आली याचं उत्तर मला प्रतिभेपेक्षा तालमीत दिसतं.

तबकडी_33:

कुणी एलपीवर (तबकडीवर) ऐकत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. पहिली बाजू साधारण 24 मिनिटांची आहे, दुसरी 22. एका बाजूला एवढं कोंबलं की खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. त्यातच मिनिटाला 33⅓ फेऱ्यांवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला फक्त 21. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. उंच आणि जोरकस सूर तिथे चिरकतात.

पहिल्या बाजूला शेवटी 'अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स' आहे. फक्त अकूस्टिक गिटार, पियानो, व्हायोलिन. ड्रम नाहीत, बेस नाही. आतल्या खाचांना सोसेल असंच संगीत. दुसऱ्या बाजूला मात्र शेवटी 'अवेकनिंग' आहे, साडेतीन मिनिटं नुसती धुमश्चक्री. तुमची सुई नीट बसली आहे का हे तपासायला यापेक्षा कडक ट्रॅक शोधावा लागेल. गुडमनचे वरचे सूर 'स्स्स' करत फाटत असतील तर आधी सुई साफ करा. मग सुईवरचं वजन कार्ट्रिजवाल्याने (कार्ट्रिज म्हणजे सुई बसते तो भाग) दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे न्या, कारण हलकी सुई खाचेत उडते आणि तीच जास्त ओरखडे काढते. मग कोन: बेअरवाल्ड पद्धतीत सुई केंद्रापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर खाचेला अचूक स्पर्शिका हवी. गोल टोकाच्या सुईऐवजी लंबगोल टोक घेतलं तर फरक सरळ ऐकू येतो. एवढं करूनही फाटलं तर खाच आधीच्या मालकाने झिजवलेली आहे, पैसे घालू नका. 1998 च्या रीमास्टर सीडीत ही आतल्या खाचांची भानगड नाही.

सातमात्रा:

सगळ्यांचे आभार. 'तक' दोनदा सरकवल्यावर जुळला. पण आता नवीन अडचण. 'माया'च्या शेवटी ब्लूज चालू असताना सुरुवातीचे दहावाले सूर परत येतात. तिथे 10 मोजायचे की 20?

लेहरा:

दोन्ही, आणि म्हणूनच तो शेवट तसा लिहिलाय. 20 चं एक आवर्तन होईपर्यंत 10 ची दोन होतात. ब्लूजची सम आली की सुट्या सुरांचीही सम येते. मधल्या समेवर, म्हणजे 11 व्या मात्रेवर, सुटे सूर नव्याने सुरू होतात आणि ब्लूज चौथ्या गटाच्या मधोमध असतो. तीन गट म्हणजे 9, चौथा सुरू होतो 10 वर. म्हणजे 11 वी मात्रा त्या 'तकिट'च्या 'कि'वर. कानाला धक्का बसतो तो तिथेच.

सराव करताना पायाने सात टाळ्यांचा हिशोब ठेवा आणि हाताने फक्त 1 आणि 11 वर टाळी द्या. आधी संगीत न लावता, मेट्रोनोमवर, मात्रेला 120 च्या वेगाने. हाताची दुसरी टाळी 'त'कडे ओढली जाईल, म्हणजे एक मात्रा आधी. ती 'कि'वर राहिली की मगच रेकॉर्ड लावा, आणि लावल्यावर कोबमकडे बघू नका.